स्कॉटलंड्सपीपल सेंटर, एडिंबरा : आडनाव दुर्मीळ असेल तर पैसे वसूल

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते खाली येईलच.

ही जागा म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी दप्तरखान्याचं, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडचं, पूर्वज शोधायचं केंद्र. वेव्हर्ली स्टेशनातून वर प्रिन्सेस स्ट्रीटवर आलं की घोड्यावर बसलेल्या वेलिंग्टनचा पुतळा दिसतो. त्याच्या पाठीमागची घुमटवाली इमारत ती हीच. आत संगणकासमोर दिवसभर बसायला खुर्ची मिळते. मी गेले तेव्हा खुर्चीचे १५ पौंड घेत होते. जागा आधी राखून ठेवा, आयत्या वेळी जाऊन उभं राहू नका.

मी काही वंशावळी काढणारी बाई नव्हे. जन्म परळचा, नोकरी बँकेत, आता निवृत्त. मुलगी एडिंबऱ्याच्या लीथ भागात असते म्हणून माझं इकडे येऊनजाऊन असतं. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, पंच्याऐंशीच्या पुढचे. दारावरच्या पितळी पाटीवर आडनाव आहे एल्फिन्स्टन. परळच्या बाईला ही पाटी दिसल्यावर ती गप्प बसेल का? पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगून टाकलं की तुमच्या आडनावाच्या स्टेशनावर माझी सगळी नोकरी चढण्या-उतरण्यात गेली. आता त्या स्टेशनाला प्रभादेवी म्हणतात, २०१८ मध्ये नाव बदललं, पण आमच्या पिढीच्या तोंडातून एल्फिन्स्टन जायचं नाही. आजोबा एकदम ताठ बसले. "म्हणजे आमच्यातला कुणीतरी तिकडे मोठा साहेब होता तर!" झालं. तेव्हापासून हा उद्योग माझ्या मागे लागला, कारण त्यांना संगणक जमत नाही आणि त्यांच्या नातवंडांना वेळ नाही.

त्याआधी नातवाने त्यांना एक भेट आणून दिली होती. पर्यटकांच्या गर्दीच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असली दुकानं तिथे ओळीने आहेत. काउंटरवर आडनाव सांगायचं, दुकानदार ते टाइप करतो, आणि जुनाट दिसणाऱ्या पिवळ्या कागदावर तुमच्या 'घराण्याचा इतिहास' छापून येतो. सोबत घराण्याचं मानचिन्ह असलेल्या ढालीची कीचेन. एल्फिन्स्टनांच्या ढालीवर तीन रानडुकरांची मुंडकी, खाली 'कॉज कॉजिट' हे बोधवाक्य. कागदावर एक बिशप, एक ॲडमिरल, मुंबईचा एक गव्हर्नर, सगळे एका ओळीत उभे केलेले, आणि वर ठळक अक्षरांत 'तुमचे पूर्वज'. पहिलाच पूर्वज कॅथलिक बिशप आहे हे वाचून मला हसू आवरेना. आजोबांनी मात्र तो कागद फ्रेम केला होता.

गंमत अशी की स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाला मिळतच नाही. ती एका माणसाला मिळते, आणि त्याच्या मागून त्याच्या वारसाला. १६७२ च्या कायद्याने त्याची नोंदवही सुरू झाली आणि या ढालींचं काम बघणाऱ्या लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याचं न्यायालय ती आजही सांभाळतं. हे न्यायालय कुठे बसतं? याच केंद्राला लागून असलेल्या न्यू रजिस्टर हाउसमध्ये. म्हणजे दुकानात जी ढाल अर्ध्या मिनिटात कुणालाही मिळते, तिच्यावर खरा हक्क कोणाचा हे ठरवणारी कचेरी तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्या दुकानाला माझ्याकडून एक तारा, तोही कागद चांगला जाड होता म्हणून.

आता केंद्राकडे वळते. घरबसल्या वेबसाइटवरही काम होतं. खातं उघडणं आणि नावांची यादी शोधणं फुकट. मूळ पानाचं चित्र उघडायला क्रेडिट लागतात. मी गेले तेव्हा ३० क्रेडिटना साडेसात पौंड पडत होते, आणि जन्म, लग्न, मृत्यू यांच्या एका नोंदीला ६ क्रेडिट. म्हणजे एका पानाला दीड पौंड. बँकेतली सवय, मी लगेच हिशेब मांडला: दहा पानं उघडली की १५ पौंड, आणि तेवढ्यातच केंद्रात दिवसभर हवी तेवढी पानं बघता येतात. छापून घ्यायचे पैसे वेगळे.

खरी मेख इथेच आहे. तुमचं आडनाव स्मिथ, ब्राउन किंवा विल्सन असेल तर ही खुर्ची तुमच्या फारशा उपयोगाची नाही. एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच वर्षी तीन जॉन स्मिथ जन्मतात, त्यातला आपला कोणता हे कळायलाच दिवस जातो. पण एल्फिन्स्टनसारखं आडनाव असेल तर अख्ख्या देशाची यादी पुढ्यात घेऊन बसता येतं. आपला कोण हे आधी माहीत असायची गरजच नाही. सगळे उघडायचे, आणि आपले नसलेले बाजूला करत जायचं. वेबसाइटवर हा खेळ महागात जातो, कारण नको असलेल्या प्रत्येक एल्फिन्स्टनचेही दीड पौंड मोजावे लागतात.

आणखी एक. जन्माची शंभर वर्षं, लग्नाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षं होईपर्यंत मूळ पान वेबसाइटवर दिसत नाही. केंद्रात दिसतं. ज्यांचे आईवडील विसाव्या शतकातले आहेत त्यांना सुरुवातच तिथून करावी लागते, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही.

सामान बाहेर ठेवून आत जायचं. मी घुमटाखाली पाऊल टाकलं आणि आधी वरच बघत राहिले. ही इमारत रॉबर्ट ॲडमने आखली. पाया १७७४ मध्ये घातला, मग पैसे संपले आणि काम वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. तेव्हा लोक तिला युरोपातला सर्वांत दिमाखदार कबुतरखाना म्हणायचे. दादरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सुरुवातीचे १२,००० पौंड आले ते जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या, बंडखोरांच्या जप्त केलेल्या जमिनींतून. १७४५ च्या त्या बंडात एक एल्फिन्स्टनही होता: आर्थर, सहावा लॉर्ड बामेरिनो. १८ ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं. आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग १५ पौंड कशाचे घेतात? आमचे पैसे आधीच भरलेत की!"

लागून असलेल्या न्यू रजिस्टर हाउसच्या घुमटात मूळ बांधीव वह्या आहेत. गोल भिंतीला लागून लोखंडी सज्जे, एकावर एक. जन्माच्या वह्या लाल, मृत्यूच्या काळ्या, लग्नाच्या हिरव्या. आता सगळं संगणकावर आल्यामुळे त्या कुणी हाताळत नाही. पण नुसत्या बघितल्या तरी एका छोट्या देशाने किती कागद सांभाळलाय ते कळतं.

सक्तीची सरकारी नोंदणी इथे १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या. त्यांतली सर्वांत जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. १८५५ हे साल मात्र लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी अधिकाऱ्यांना भलताच उत्साह होता. त्या एका वर्षीच्या जन्मनोंदीत बापाचं वय, त्याचं जन्मगाव, आईचं वय, तिचं जन्मगाव, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, त्यांतली जिवंत किती, गेलेली किती, सगळं लिहिलंय. काम इतकं वाढलं की पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. आजोबांचं नशीब असं की त्यांचे पणजोबा नेमके १८५५ मध्येच जन्मले. गाव ट्रॅनेंट, ईस्ट लोदियन.

ते पान पडद्यावर आलं तेव्हा आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. बापाचा धंदा: कोळसा खाणकामगार. वय ३१, जन्म ट्रॅनेंटचाच. आईचं माहेरचं नाव पूर्ण. आधीची मुलं: दोन हयात, एक मृत. सही करायच्या जागी बापाने फुली मारलीय, आणि बाजूला रजिस्ट्रारने 'ही त्याची खूण' असं लिहून ठेवलंय. फुली नीट सरळ नाही, एक टोक लांब ओढलेलं. आजोबा बराच वेळ त्या फुलीकडेच बघत होते. मग म्हणाले, "लॉर्ड दिसत नाही हा."

आईच्या माहेरच्या नावाबद्दल सांगायलाच हवं. स्कॉटलंडच्या दप्तरात लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्याच्या आईबापांची नावं असतात, त्यांत आईचं माहेरचंही. लग्न झालेली बाई यादीत दोन्ही आडनावांनी सापडते. सीमेपलीकडच्या इंग्लंडच्या जुन्या मृत्यूदाखल्यात आईबापांची नावंच नसतात. आमच्याकडे माझं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं ते शेवटचं. रेशनकार्डावरून, पासबुकावरून, मतदार यादीतून ते असं गेलं की माझ्याच नातवंडांना ते विचारून घ्यावं लागेल. इथल्या एका निरक्षर खाणकामगाराच्या बायकोचं मात्र पावणेदोनशे वर्षांनी सापडलं. अर्धा तारा कापला नसता तर तो मी यासाठीच दिला असता.

पुढची पायरी १८४१ ची जनगणना. इथे एल्फिन्स्टन टाकून काहीच येईना. दुर्मीळ आडनावाची ही एक अडचण: मोजणीला आलेल्या माणसाने ते पूर्वी ऐकलेलं नसतं. शोधताना अक्षराच्या जागी तारांकित खूण टाकता येते, तशी टाकली तेव्हा कुटुंब सापडलं. 'एल्फिस्टन', मधला न गायब. जुन्या कागदांत या नावाची रूपं बरीच आहेत. कुठे शेवटचा ई नाही, कुठे मध्ये जी घुसलाय, कुठे पी-एचच्या जागी एफ. आणि याच आडनावाच्या एका माणसाने, एडिंबऱ्यात १७२१ मध्ये जन्मलेल्या जेम्स एल्फिन्स्टनने, इंग्रजी भाषेचं सगळं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे सुधारायचा विडा उचलला होता. जन्मभर खटपट केली, कुणी ऐकलं नाही.

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची पद्धत होती. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यापुढे ४५ लिहिलं होतं त्याचा अर्थ ४५ ते ४९ मधलं काहीही. म्हणजे जन्म साधारण १७९२ ते १७९६. आणि इथे गाडी अडली. बाप्तिस्म्याची नोंद नाही. कारण? १७८३ मध्ये सरकारने चर्चच्या वहीतल्या प्रत्येक नोंदीवर ३ पेन्सचा कर बसवला, तो १७९४ पर्यंत होता. तीन पेन्ससाठी बऱ्याच गरिबांनी पोराचं नाव वहीत घातलंच नाही. तिथल्या मदतनीस बाईंनी हे अगदी सहज सांगितलं, बँकेत आपण गिऱ्हाइकाला टीडीएस समजावतो तसं. काळ्या चष्म्याची दोरी गळ्यात, आवाज हळू, आणि कुठली वही किती भरवशाची हे तोंडपाठ. या बाईंसाठी पूर्ण पाच तारे.

याच्याही मागे गेलं तर ट्रॅनेंटच्या खाणींची गोष्ट नीट काळी होते. या भागात कोळसा तेराव्या शतकापासून काढतायत, आधी न्यूबॅटलच्या मठातले साधू काढायचे. १६०६ च्या कायद्याने स्कॉटलंडचा खाणकामगार मालकाला जखडला गेला. परवानगीशिवाय खाण सोडली तर पकडून परत आणायचे. पोराच्या बाप्तिस्म्यालाच मालक आईबापांच्या हातावर काही पैसे ठेवायचा, त्याला 'आर्ल्स' म्हणत, आणि ते घेतले की पोरगंही खाणीचं झालं. म्हणजे इतर घरांत बाप्तिस्म्याची नोंद ही जन्माची नोंद, आणि या घरांत ती वेठबिगारीचीही. १७७५ च्या कायद्याने थोडं सैल केलं, पुरती सुटका १७९९ मध्ये. जनगणनेतला तो ४५ वर्षांचा म्हातारा लहान असताना त्याचा बाप कदाचित अजून बांधलेला होता. आणि त्याच गावात ऑगस्ट १७९७ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांवर घोडेस्वार सोडले गेले, माणसं मारली गेली. हे काही पिवळ्या कागदावर छापून येत नाही.

"मग माझं आडनाव लॉर्डाचं कसं?" आजोबांचा प्रश्न. रास्त होता.

याचं उत्तर मराठी माणसाला पटकन कळतं. एल्फिन्स्टन हे आधी गाव आहे, आडनाव नंतर. ट्रॅनेंटच्या नैर्ऋत्येला अजूनही आहे, छोटंसं. कुणा एल्फिन नावाच्या माणसाची वाडी, एवढाच अर्थ. १२३५ च्या सुमाराच्या एका दस्तात या जमिनीचा उल्लेख येतो. आता पुण्यात राहणाऱ्याला कुणी पुणेकर म्हणत नाही. तो साताऱ्याला जाऊन राहिला की म्हणतात. तसंच हे. जमीनदार ते नाव लावायचा कारण जमीन त्याची, आणि गाव सोडून शेजारच्या खाणीवर गेलेला मजूरही तेच लावायचा कारण तो तिथून आला. एकाच गावाचं नाव, रक्ताचा संबंध असेलच असं नाही. आडनाव जेवढं दुर्मीळ, तेवढी आपण सगळे एकाच घराण्याचे अशी समजूत घट्ट, आणि दुकानदार नेमकी तीच विकतात.

त्यातही मौज बघा. खुद्द एल्फिन्स्टन गाव घराण्याच्या हातात राहिलंच नाही. पंधराव्या शतकात तिथली वारस मुलगी जॉन्स्टन घरात दिली गेली, जमीन तिच्याबरोबर गेली, आणि गावातला एल्फिन्स्टन टॉवर बांधला तो जॉन्स्टनांनी. १५४६ मध्ये धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला पकडून याच टॉवरमध्ये आणलं होतं. पुढे खालच्या कोळशाच्या खाणींनी जमीन खचवली आणि १९५५ मध्ये तो बहुतेक पाडावा लागला. म्हणजे ज्या नावाची मिरवणूक लॉर्डांनी काढली त्याचा बुरूज खाणीने पोखरून खाली आणला. आजोबांना ही गोष्ट सगळ्यात आवडली. पूर्वजांनी हिशेब चुकता केला म्हणे.

पुरुषांची शाखा तोवर फोर्थ नदीकाठच्या एअर्थला गेली होती. तिथेही त्यांनी दुसरा एल्फिन्स्टन टॉवर उभारला. ती जागा १७५४ मध्ये अर्ल ऑफ डनमोरने विकत घेतली, आणि तिथून जवळच त्याचा तो जगप्रसिद्ध दगडी अननस आहे, बागेतल्या इमारतीच्या डोक्यावर बसवलेला. वेळ असेल तर बघून या, आडनावाशी त्याचा संबंध फक्त शेजाराचा. पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत पडला.

तिथून नाव उत्तरेला ॲबर्डीनशरमध्ये पसरलं. किल्ड्रमीचा किल्ला १६२६ पर्यंत त्यांच्याकडे होता, ग्लॅक आणि लोगी इथे शाखा झाल्या. इन्व्हरुरीजवळचं पोर्ट एल्फिन्स्टन हे कालव्याचं जुनं बंदर त्याच भागातलं. पण ॲबर्डीनमध्ये हे नाव मोठं केलं ते त्या बिशपनेच. विल्यम एल्फिन्स्टन, जन्म १४३१, ग्लासगो. बाप स्वतः धर्मगुरू, म्हणजे आईबापाचं लग्न असणं शक्यच नव्हतं, आणि अशा जन्मावर चर्चकडून माफी मिळवून हा माणूस बिशप झाला, १४९५ मध्ये ॲबर्डीनचं विद्यापीठ काढलं, आणि स्कॉटलंडमध्ये छापखाना यावा म्हणून राजाकडे खटपट केली. परवाना मिळाला १५०७ मध्ये. लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट त्या विद्यापीठात आजही आहे. पिवळ्या कागदावर याच्या नावापुढे नुसतं 'बिशप' लिहून मोकळे झाले, ते मला आजही सहन होत नाही.

ग्लासगोत सर जॉर्ज एल्फिन्स्टन सतराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, होता, गॉरबल्सची जमीन त्याची. उत्तरेच्या ऑर्कनी बेटांत सँडेवर लोपनेसचे एल्फिन्स्टन. ऑर्कनीचा पहिला स्टुअर्ट अर्ल रॉबर्ट हा राजा पाचव्या जेम्सचा अनौरस मुलगा, आणि त्याची आई युफीमिया एल्फिन्स्टन. एक जॉन एल्फिन्स्टन तर रशियाच्या राणीच्या आरमारात जाऊन १७७० मध्ये चेस्माला तुर्कांशी लढला. नकाशावर टिंबं टाकली तर ती विरळ आहेत आणि बहुतेक पूर्व किनाऱ्याने वर चढत जातात. मॅक लागलेल्या डोंगरी आडनावांच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात यांचं फारसं काम नाही.

आता आपला एल्फिन्स्टन. यासाठीच अर्धा तारा कापलाय. मुंबईकर या केंद्रात आपला गव्हर्नर शोधायला गेला तर रिकाम्या हाताने परत येईल. आधी एक गोंधळ दूर करते, कारण परळमध्येही तो सर्रास असतो. आपले एल्फिन्स्टन दोन. खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला तो माउंटस्टुअर्ट. कॉलेज त्याच्या नावाचं. १८५३ ते १८६० गव्हर्नर असलेला तो लॉर्ड जॉन, तेरावा लॉर्ड, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. रेल्वे स्टेशन त्याच्या नावाचं. दोघांनीही लग्न केलं नाही. त्यामुळे लग्नाच्या नात्याने तरी जगात कुणालाही या दोघांपैकी एकाला 'पणजोबा' म्हणता येणार नाही, कागद कितीही पिवळा असो.

माउंटस्टुअर्ट १७७९ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मला, एडिंबऱ्याच्या रॉयल हायस्कूलमध्ये शिकला, पण १८५९ मध्ये वारला तो इंग्लंडमधल्या सरे परगण्यात. म्हणून मृत्यूच्या त्या काळ्या वह्यांत तो नाही. या केंद्राचं दप्तर स्कॉटलंडच्या हद्दीला थांबतं. बाहेर गेलेल्यांच्या काही नोंदी आहेत, जहाजावरच्या आणि सैन्यातल्या, पण त्या थोड्या. आणि स्कॉटलंडसारख्या देशात, जिथल्या कित्येक घरांतून कुणी ना कुणी कॅनडाला, भारताला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलं, तिथे ही हद्द बोचते. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात जन्मलेल्या, लग्न झालेल्या, मेलेल्या युरोपियनांच्या चर्चनोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, एन/३ या खुणेखाली. त्या एका खाजगी वेबसाइटवर पैसे भरून बघता येतात. म्हणजे पुन्हा वेगळं खातं, वेगळे पैसे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घरातल्या म्हाताऱ्यांकडून तारखा, गावं आणि आईआजीची माहेरची नावं आधी लिहून घ्या. तिथे गेल्यावर फोन करत बसण्यात खुर्चीचा वेळ जातो. दुसरं, अलीकडून मागे जा, एकेक पिढी. कुठल्या तरी लॉर्डापासून खाली उतरायचा मोह होतो, पण तो दुकानाचा रस्ता आहे. भारतातून शोधायचं असेल तर फुकटच्या यादीत नाव, पॅरिश आणि साल जुळवून ठेवा, मगच क्रेडिट विकत घ्या. क्रेडिटची मुदत दोन वर्षं असते, घाई नाही.

आजोबांनी फ्रेममधला पिवळा कागद काढलेला नाही. मात्र त्याच्या शेजारी १८५५ च्या पानाची प्रत लावली आहे, फुली दिसेल अशी. आता त्यांना आईकडची बाजू काढायची आहे. आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर स्मिथ. मी त्यांना वेबसाइटवर खातं उघडून दिलंय.